जुना पीसी: बदलायचा, की भागवायचं?

नेर परसोपंत हे यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. समजा, इथल्या एका घरात दहा-अकरा वर्षांपूर्वी घेतलेला असेंबल्ड पीसी आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी डीडीआर-३ रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड आणि एक टीबीची हार्ड डिस्क आहे. घेतला तेव्हा त्यावर ‘जीटीए फाइव्ह’ झकास चालायचा. आता नवा गेम टाकला की चित्र अडखळतं, पंखा घोंघावतो आणि पुढचा टप्पा उघडेपर्यंत चहा होऊन जातो. घरच्या मुलाच्या हातात पंधरा हजार रुपये आहेत. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये. म्हणजे हे पंधरा हजार जवळपास दोन क्विंटल कापसाचे किंवा पावणेतीन क्विंटलहून जास्त सोयाबीनचे आहेत. तेही हमीभाव खरोखर हातात पडला तर. एवढे पैसे जुन्या डब्यात घालावेत का?

असा प्रश्न विचारला की बहुतेक जण एखाद्या कार्डाचं नाव सांगून मोकळे होतात. पण या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या यादीपेक्षा इतिहासात जास्त सापडतं. पीसीचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या वर्षी ठरलेल्या नियमांनुसार बनलेला असतो. कोणत्या भागाचा काळ संपला आणि कोणाचा अजून उरलाय, हे कळलं की पैसे कुठे घालायचे हेही बऱ्यापैकी कळतं.

मुळात हा प्रश्न पडू शकतो, हीच एक ऐतिहासिक घटना आहे. टीव्ही जुना झाला तर आपण त्याचं अर्धं पोट बदलत नाही. मोबाइलमध्ये नवा प्रोसेसर बसवत नाही. पीसीत हे करता येतं, कारण १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आणलेल्या पीसीत पाच मोकळे स्लॉट होते. मशीन लवकर बाजारात आणायचं म्हणून आयबीएमने बरेचसे भाग बाहेरून विकत घेतले आणि स्लॉटची तांत्रिक माहिती छापून खुली केली. त्यामुळे कुणीही त्या स्लॉटसाठी कार्ड बनवू लागलं. लवकरच कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारी अख्खी मशीनच बनवली. आयबीएमच्या हातून धंदा निसटत गेला, पण एक गोष्ट जगाला मिळाली: सुट्या भागांचा संगणक. आपल्याकडच्या बंडीसारखा. चाक मोडलं तर चाक बदला, जू झिजलं तर जू बदला. बंडी चालत राहते.

भारतात हे यायला वेळ लागला. १९७८ साली आयबीएम भारत सोडून गेली होती. परदेशी संगणक आणि भाग आणणं परवान्यांच्या जंजाळात अडकलेलं होतं. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, १९९१नंतर आणखी सैल झाली. १९९७मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. आपल्या ओळखीचा ‘असेंबल्ड’ हा शब्द या काळात घरोघर पोचला. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड ही त्याची पंढरी. हा रस्ता १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा. पाटीवर आज डॉ. भडकमकर मार्ग. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट तिसऱ्यातून आणि जोडून देणारा ओळखीचा पोरगा. ब्रँडेडपेक्षा स्वस्त आणि वर पुढे हवं ते बदलता येईल हे आश्वासन. मुंबईचा हा व्यवहार मग पुणे, नागपूर, अमरावती असा उतरत जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावापर्यंत आला.

नेरसारख्या गावांत संगणकाची पहिली ओळख बहुतेकांना झाली ती झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात, फोटो स्टुडिओत किंवा एमएस-सीआयटीच्या वर्गात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झालं आणि त्याच वर्षी हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र चालतं म्हटल्यावर आईबापांनी हौसेने पैसे भरले. ‘अभ्यासाला लागतो’ म्हणून घरात पीसी आला आणि त्याच्या मागच्या दाराने गेम आला. २००३मध्ये पीसीवर आलेला ‘व्हाइस सिटी’ महाराष्ट्राच्या गल्लोगल्ली कॉपी होत फिरला. त्याला ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. त्या बत्तीस एमबीसाठी किती बापांना ‘प्रोजेक्टला लागतं’ असं सांगितलं गेलं असेल, देव जाणे. महाराष्ट्रातल्या एका पिढीचं पहिलं अपग्रेड हे असं झालं.

०००

आता त्या डब्यात डोकावू. गेमने पीसीला पुढे ढकललं, हे खरं. १९९६मध्ये थ्रीडीएफएक्सचं ‘व्हूडू’ कार्ड आलं, १९९९मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणून ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. ही कार्डं ज्या खाचेत बसायची, ती खाचही बदलत गेली: आधी आयएसए, मग पीसीआय, १९९७च्या सुमारास एजीपी, २००४पासून पीसीआय एक्सप्रेस. एजीपीच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड बसतच नसे. त्या वळणावर ज्यांनी एजीपीचं महागडं कार्ड घेतलं, त्यांचे पैसे पुढच्या मशीनमध्ये गेले नाहीत. पीसीआय एक्सप्रेसने मात्र मागचा धागा तोडला नाही. त्याच्या नव्या आवृत्तीचं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त वेग जुन्या स्लॉटचा मिळतो. म्हणून आपल्या समजलेल्या पीसीत आजही नवं कार्ड बसू शकतं. वीस वर्षं टिकलेली ही खाच त्या मुलाच्या बाजूची आहे.

प्रोसेसरची गोष्ट वेगळी. १९९५मध्ये घरगुती पीसीत १३३ मेगाहर्ट्झचा पेन्टियम भारी मानला जाई. मार्च २०००मध्ये एएमडीचा अॅथलॉन एक गिगाहर्ट्झवर पोचला. पाच वर्षांत सातपट! त्या काळात पाच वर्षांचा पीसी म्हणजे खरोखर भंगार. पण २००४च्या सुमारास उष्णतेने घोडं अडवलं. चिप आणखी वेगाने पळवली तर ती तापते, हे इंटेलला पेन्टियम ४च्या वारसदाराचं काम मध्येच सोडताना मान्य करावं लागलं. मग कंपन्यांनी एका प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ कोअर घालायला सुरुवात केली. २०१३च्या आय-फाइव्हचा वेग साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास. आजचे प्रोसेसर पाचच्या घरात. घड्याळाचे आकडे तेवढेच वाढले, बाकीची सुधारणा आतल्या रचनेत आणि कोअरच्या संख्येत. म्हणून पीसीचं वय नुसतं वर्षांत मोजणं फसवं आहे. २००५नंतरचा दहा वर्षांचा पीसी १९९५च्या पाच वर्षांच्या पीसीपेक्षा तरुण असतो.

त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते दिवाणखान्यातल्या कन्सोलमध्ये आहे. मोठे गेम पीसीबरोबर कन्सोलसाठीही बनतात. २०१३च्या प्लेस्टेशन ४चा प्रोसेसर बेताचाच होता. जोवर गेम त्याच्यावरही चालावा लागत होता, तोवर चार कोअरचा आय-फाइव्ह तग धरून होता. नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ आला: आठ दमदार कोअर आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. दोन-तीन वर्षं गेम दोन्हींसाठी निघत राहिले, मग जुन्याला सोडू लागले. सप्टेंबर २०२३मध्ये ‘सायबरपंक २०७७’ने आपल्या किमान गरजांत एसएसडी लिहिली, ती याच वळणावर. आपल्या नेरच्या पीसीची दमछाक नेमकी तेव्हापासूनची.

०००

पण दमतंय कोण? इथे शेजारच्या दारव्ह्यातून जाणाऱ्या एका रुळाची आठवण उपयोगी पडेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला. विदर्भाचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी किलिक-निक्सनच्या व्यवस्थापनाखालच्या कंपनीने टाकलेला हा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३पासून सत्तर वर्षं चाललं. १५ एप्रिल १९९४ रोजी त्या जागी डिझेल इंजिन आलं. इंजिन बदललं, पण रूळ तेच, पूल तेच, अडीच फुटांचा गेजही तोच. गाडी जलद झाली नाही आणि शेवटी बंद पडली. डिझेल इंजिन वाईट होतं असं नाही. अडचण इंजिनात नव्हती, एवढंच.

संगणकात हाच विचार आयबीएमच्या जीन अॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडला. एकच भाग कितीही वेगवान करा, एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याला आलेल्या कामापुरताच मिळतो. उदाहरण घेऊ. गेमचा टप्पा उघडायला साठ सेकंद लागतात. त्यातले पंचेचाळीस हार्ड डिस्क खाते आणि पंधरा प्रोसेसर. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर वेळ साडेबावन्न सेकंद. डिस्कचं काम दहापट वेगाने झालं तर साडेएकोणीस. डिस्क बदलणं हे यातलं स्वस्त काम आहे.

खेळतानाचा हिशेब थोडा वेगळा. सेकंदाला साठ चित्रं हवीत तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर चित्राची मांडणी करतो, कार्ड ते रंगवतं. दोघं एकाच वेळी काम करत असतात, त्यामुळे जो हळू, त्याच्या चालीने गाडी जाते. प्रोसेसरला २५ आणि कार्डाला ३० मिलिसेकंद लागत असतील तर चित्रं मिळतात सेकंदाला तेहतीस. भारी कार्ड आणून त्याचे ३०चे १० केले, तरी प्रोसेसरचे २५ तसेच राहतात आणि चित्रं होतात चाळीस. पंधरा हजारांत सात चित्रं!

हे ओळखायला एक फुकट परीक्षा आहे. गेमचं रिझोल्यूशन एकदम कमी करा. चित्रं भराभर वाढली तर कार्ड दमलं होतं. फारसा फरक पडला नाही तर प्रोसेसर. दुकानात जाण्याआधी ही दहा मिनिटं घालवावीत.

आणखी एक फुकटची गोष्ट विदर्भातल्या माणसाला सांगायला हवी. इथला मे महिना पंचेचाळिशीला टेकतो आणि धूळ बाराही महिने असते. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. पंख्यावर धुळीची गोधडी आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत, अशा अवस्थेतला पीसी म्हातारा नसतो, गुदमरलेला असतो. पेंटब्रश, ब्लोअर आणि पेस्टची एक छोटी नळी हे पहिलं अपग्रेड. दुसरं, वीज. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांनी इथल्या घरांना स्टॅबिलायझर आणि यूपीएस शिकवले, पण कॅबिनेटसोबत मिळालेल्या स्वस्त पॉवर सप्लायकडे कुणी बघत नाही. जीटीएक्स ७५० टीआय साठेक वॅटवर भागवतं, म्हणून तो इतकी वर्षं टिकला. दुप्पट वीज खाणारं कार्ड त्याच्यावर लादलं तर आधी सप्लाय जाईल आणि जाताना बोर्डही घेऊन जाईल.

०००

मग घ्यायचं काय? इथे सॉकेटचा इतिहास बघावा. इंटेलने २००९पासून साधारण दर दोन पिढ्यांनी प्रोसेसरची बैठक बदलली: एलजीए ११५६, ११५५, ११५०, ११५१, १२००, १७००. आपला पीसी ११५०वर आहे. त्या बैठकीचा राजा म्हणजे साधारणपणे चौथ्या पिढीचा आय-सेव्हन; त्यापुढे फारशी वाट नाही. उलट एएमडीने २०१७मध्ये रायझनसोबत जे एएम-४ सॉकेट वापरलं, त्याच सॉकेटसाठी एप्रिल २०२२मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. बऱ्याच जुन्या बोर्डांनी नुसतं बायोस बदलून तो स्वीकारला. रॅमचंही तेच: डीडीआर-३ २००७ची, डीडीआर-४ २०१४ची, त्यानंतर डीडीआर-५, एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

यातून एक साधा नियम निघतो. पुढच्या मशीनमध्ये जाईल असा भाग घ्यावा; याच मशीनबरोबर मरणारा भाग घेऊ नये. एसएसडी पुढे जाते. ग्राफिक्स कार्ड पुढे जातं. चांगला पॉवर सप्लाय पुढे जातो. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट मात्र एकत्र जगतं आणि एकत्र मरतं. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन किंवा डीडीआर-३च्या नव्या पट्ट्या अगदी स्वस्तात मिळत नसतील तर त्यांत पैसे अडकवू नयेत. अपवाद एकच: आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी वापरलेली पट्टी शोधावी. दोन पट्ट्या जोडीने काम करतात आणि प्रोसेसरला डेटा दुप्पट रुंद वाटेने मिळतो.

कार्ड घेताना तीन सापळे आहेत. काही स्वस्त कार्डं, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटी, स्लॉटच्या सोळा लेनपैकी चारच वापरतात. जुन्या बोर्डावर ती आणखी मंदावतात. इंटेलची आर्क कार्डं ‘रिसायझेबल बार’ नावाच्या सोयीवर फार विसंबतात आणि ती सोय चौथ्या पिढीच्या बोर्डांना अधिकृतपणे नाही. तिसरा सापळा वापरलेल्या कार्डांचा. क्रिप्टोच्या तेजीत कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने कार्डांवरचं खनन बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. सगळीच वाईट नसतात, पण अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमरावती-नागपूरला जाऊन घेतलेलं कार्ड परत करायला पुन्हा एसटीचं भाडं पडतं.

आणि काही भिंती अशा आहेत, ज्या नुसत्या वेगाने ओलांडता येत नाहीत. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सुरक्षा-दुरुस्त्या वर्षभर वाढवून देण्याची सोय झाली, तेवढाच दिलासा. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११वर ‘व्हॅलोरंट’ही टीपीएम मागतो. एनव्हिडियाने ७५० टीआयच्या पिढीला नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवलं. डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ रे-ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाही. जुने गेम, लिनक्स आणि २०१८पासून व्हॉल्व्हने दिलेलं ‘प्रोटॉन’ यांवर मजेत राहता येतं, पण मित्रांसोबत ‘व्हॅलोरंट’च खेळायचा असेल तर तो रस्ता बंद आहे.

म्हणून नेरच्या त्या पीसीपुरतं माझं उत्तर असं: आधी साफसफाई, पेस्ट आणि ती परीक्षा. मग साधी अडीच इंची साटा एसएसडी. या बोर्डांवर बहुधा एनव्हीएमई चालू होत नाही. एवढ्यावर भागलं तर थांबावं. कार्डच दमतंय असं सिद्ध झालं आणि खेळायचे गेम २०२२-२३च्या आतले असतील, तर मध्यम ताकदीचं कार्ड घ्यावं आणि त्याआधी पॉवर सप्लाय बघावा. नव्या भिंतींपलीकडचेच गेम हवे असतील तर या डब्यात एक रुपयाही घालू नये. एसएसडी वगळता उरलेले पैसे त्रिकुटासाठी साठवावेत. घाई मात्र करू नये. २०२५च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्याने रॅम भडकली. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकांचा ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. नेरमधली रॅमची पट्टी महागली ती अमेरिकेतल्या सर्व्हरमुळे, आणि कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरण्याची सवय असलेल्या गावाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पंधरा हजारांपलीकडेही यात काही पणाला लागलेलं आहे. १९८१च्या मोकळ्या स्लॉटने एक हक्क दिला होता: यंत्र किती दिवस जगवायचं हे त्याच्या मालकाने ठरवायचं. आज अनेक लॅपटॉपची रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. चालता पीसी एका यादीत नाव नाही म्हणून ‘जुना’ ठरतो. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना तर यंत्र उघडता येतं हेच ठाऊक नसतं. कमी पैशांत जुना पीसी वाढवू पाहणारा तालुक्याच्या गावातला मुलगा हा त्या हक्काच्या शेवटच्या वापरकर्त्यांपैकी एक आहे. दमलेला भाग त्याने स्वतः शोधून काढला आणि विचार करून ‘नाही, आत्ता काही घेत नाही’ असं ठरवलं, तरी तो हक्क वापरल्यासारखाच आहे.